मेलेला नावाडी

एक्सपान्शनची, म्हणजे गेमला मागाहून जोडून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागाची, पहिली मीटिंग मूळ गेम बाजारात येण्याच्या आधीच झालेली असते, हे मी कुठे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. "म्हणजे गेम कापून ठेवायचा आणि वर्षाने उरलेला तुकडा परत विकायचा!" माझ्या मावसभावाने हा जाब मला एका लग्नात, ऐन पंगतीत विचारला होता. जिलबी वाढणारा थांबून ऐकत होता.

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. 2006 मध्ये 'ओब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकायला काढलं गेलं, तेव्हापासून खेळणाऱ्यांच्या मनात अढी बसलेली आहे, आणि ती पक्की करायला आमच्या धंद्याने पुढे बरीच मेहनत घेतली. पण त्या पहिल्या मीटिंगमागचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: रिकामे हात आणि चालू पगार.

मी तेव्हा पुण्यात, बाणेरच्या एका स्टुडिओत होते. गेम आमचा नव्हता. युरोपातल्या एका कंपनीचा होता आणि त्यांच्या कामाचा काही हिस्सा आम्ही इथून करून देत होतो. करारामुळे त्या गेमचं नाव आजही घेता येत नाही, त्यामुळे माझ्या गोष्टीत गेम निनावी राहील. माझं काम क्वेस्ट टेस्टिंगचं. कथेतली एकेक कामगिरी उलटसुलट, शहाण्यासारखी आणि वेड्यासारखी खेळून ती कुठे अडते ते शोधायचं.

गेम येण्याच्या आधी काही महिने कंटेंट लॉक होतो. त्यानंतर नवं झाड नाही, नवं पात्र नाही, नवा संवाद नाही, फक्त बग. प्रोग्रामर आणि आम्ही टेस्टर यांच्या रात्री तिथून सुरू होतात. पण चित्रं काढणारे, कथा लिहिणारे, गावं आणि गुहा बांधणारे यांचं काय? मेमरी का भरतेय हे शोधायला कॉन्सेप्ट आर्टिस्टला बसवून उपयोग नसतो. त्याला घरी पाठवलं तर दुसरा स्टुडिओ त्याला उचलतो. मग त्या लोकांना पुढचं काम द्यायचं, आणि जे जग त्यांच्या हातात आयतं तयार आहे त्यातलंच द्यायचं. 'विचर 3' हा पोलंडचा गेम 19 मे 2015 ला आला, पण त्याच्या दोन मोठ्या एक्सपान्शनची घोषणा एप्रिलमध्येच झाली होती. 'हार्ट्स ऑफ स्टोन' त्याच ऑक्टोबरमध्ये आलं, 'ब्लड अँड वाइन' 31 मे 2016 ला. पाच महिन्यांत एवढं काम शून्यातून होत नाही.

आणि 'कापून ठेवलेला भाग'? आमच्या गेममध्येही तो होता. एक बंदर, ज्याची दारं शेवटपर्यंत कुलूपबंद राहिली. खेळणाऱ्यांनी भिंतींतून कॅमेरा घुसवून आतले फोटो काढले आणि ठरवून टाकलं की हेच पुढे विकणार. ते बंदर बंद ठेवण्याचं खरं कारण म्हणजे तिथे गर्दी उभी केली की जुन्या कन्सोलवर गेम धापा टाकायचा. एक्सपान्शनसाठी ते उघडून पाहिलं, तर त्याचा प्रत्येक कोपरा जुन्या नियमांनी बांधलेला. नवं बांधणं स्वस्त पडलं. कापलेल्या भागाबद्दल माझं मत तेव्हापासून असं आहे की तो बहुतेक वेळा कापण्याच्याच लायकीचा असतो.

एक्सपान्शन किती मोठं करायचं हे कथा ठरवत नाही. ज्यांच्याकडे मूळ गेम आहे त्यांच्यातले किती जण परत येतील, या अंदाजावर ते ठरतं, आणि हा अंदाज नेहमी मन खट्टू करणारा असतो. 'सायबरपंक 2077' च्या ऑक्टोबर 2023 पर्यंत अडीच कोटी प्रती खपल्या होत्या. त्याचं एक्सपान्शन 'फँटम लिबर्टी' पहिल्या आठवड्यात तीस लाख खपलं. 'एल्डन रिंग' हा जपानी गेमही अडीच कोटींच्या घरात गेलेला, आणि जून 2024 मध्ये त्याचं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' तीन दिवसांत पन्नास लाख गेलं. हे या धंद्यातले डोंगराएवढे आकडे आहेत, तरीही सुरुवातीला पाचातला एक किंवा त्याहूनही कमी. लहान गेमने यावरून आपली पायरी ओळखावी.

बाकीचे कुठे गेले? बरेचसे मूळ गेमच्या मध्यावर कुठेतरी थांबले आणि परत आलेच नाहीत. टेलिमेट्री नावाची जी माहिती गेममधून स्टुडिओकडे येते, तिच्यात हे स्पष्ट दिसतं. पहिल्या गावात शंभर टक्के, तिसऱ्या गावात निम्मे, शेवटच्या लढाईला मूठभर. त्यामुळे एक्सपान्शनचं दार कुठे ठेवायचं यावर जेवढी भांडणं होतात तेवढी त्याच्या कथेवरही होत नाहीत. 'एर्डट्री'मध्ये शिरायला आधी राडान आणि मोग या दोन राक्षसी योद्ध्यांना हरवावं लागतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या त्या वेळच्या आकड्यांप्रमाणे निम्म्याहून कमी लोकांनी मोगला हरवलं होतं. म्हणजे पैसे भरून कित्येक जण दाराबाहेर उभे. त्या स्टुडिओला हे परवडतं, कारण त्यांच्या गिऱ्हाईकाला दाराबाहेर उभं राहण्याचीच हौस आहे. 'फँटम लिबर्टी'ने उलट केलं. दार मूळ कथेच्या मधोमध ठेवलं आणि ज्याला तेवढंही नको त्याला मेन्यूमधूनच थेट तिथे उतरण्याची सोय दिली.

आमच्याकडे लेखकाला दार शेवटी हवं होतं. मूळ कथा संपली, नायक थकला, मग एक्सपान्शनमधलं नवं बेट त्याला बोलावतं, असं त्याच्या मनात होतं. ते सुंदरही होतं. पण आकडे समोर ठेवल्यावर दार मध्यावर आलं. याचा अर्थ असा की बेटावर उतरणाऱ्या नायकाचा गुरू काहींच्या गेममध्ये जिवंत असणार, काहींच्या मेलेला. कोणी राजाशी वैर घेतलेलं, कोणी त्याच्याच पदरी. लेखकाने वाद घातला नाही, गप्पपणे संवादांच्या दोन-दोन आवृत्त्या लिहायला बसला. इकडे आमच्या टेस्टिंगच्या यादीची लांबी दुप्पट नाही, कैक पट झाली.

माझ्यापुरतं एक्सपान्शनचं खरं काम इथून सुरू झालं. बाहेरच्या माणसाला वाटतं की नवं बेट, नवी शस्त्रं, नवे शत्रू म्हणजे एक्सपान्शन. आमच्यासाठी एक्सपान्शन म्हणजे लोकांच्या जुन्या सेव्ह फाइली. भाडेकरू आत राहत असताना वाड्याची तुळई बदलायची, तसं ते काम. प्रत्येक खोलीत कोणी काय ठेवलंय ते ठाऊक नसतं आणि कोणालाही बाहेर काढता येत नाही. सेव्ह फाइलमध्ये खेळाडूने केलेल्या प्रत्येक निवडीचा एक फ्लॅग असतो: हा मेला, तो वाचला, ही पेटी उघडली, ते पत्र विकलं. मूळ गेम बनवताना कित्येक फ्लॅग पुढे कशालाही लागणार नाहीत या भरवशावर ठेवलेले असतात. एक्सपान्शन त्यांनाच हात घालतं.

बेटावर न्यायला एक नावाडी होता. मूळ गेममधलंच पात्र, धक्क्यावर बसलेला, थोडा लबाड, लोकांचा आवडता. डिझाइनच्या कागदावर एक ओळ: नावाडी खेळाडूला बेटावर नेतो. त्याचे नवे संवाद मूळ नटाकडून रेकॉर्डही झाले. आणि मग आमच्यातल्या इचलकरंजीच्या एका मुलाने आपली जुनी सेव्ह उघडली. या मुलाला गेममध्ये दिसेल त्याला मारून पाहायची सवय होती. घरात अतिशय सालस, कीबोर्डवर कर्दनकाळ. त्याच्या सेव्हमध्ये क्वेस्टचा पिवळा मार्कर रिकाम्या धक्क्यावर लुकलुकत होता. नावाडी नव्हताच. मूळ गेममध्ये कुठल्याशा आडवळणाच्या क्वेस्टमध्ये त्याची लबाडी उघडी पडते आणि हवं तर त्याला मारता येतं. याने मारला होता.

त्याने बग नोंदवला, ब्लॉकर म्हणून, म्हणजे पुढची वाटच अडवणारा. तिकडच्या लीडने तो बंद केला: इतक्या आडबाजूची गोष्ट, कितीशा लोकांनी केली असेल? आमची लीड हट्टी. "आकडा काढा, मग बंद करा," असं तिने लिहून पाठवलं. तिकडचा आणि आमचा दिवस साडेतीन-साडेचार तासांनी मागेपुढे, त्यामुळे एकेका उत्तराला अर्धा दिवस जायचा. आकडा आला आणि बग पुन्हा उघडला. माणसं आम्हाला वाटलं होतं त्याहून बरीच खुनशी निघाली.

आता काय करायचं? नावाड्याला जिवंत करणं सगळ्यात सोपं, एका फ्लॅगचं काम. लेखकाने साफ नकार दिला आणि मला तो पूर्ण पटला. ज्याला मी मारलं तो दुसऱ्या दिवशी हसत उभा दिसला तर त्या जगात मी पुन्हा काही मनापासून का करावं? खेळाडूने स्वतः नाव वल्हवत जायची, तर वल्हवण्याचं अॅनिमेशन नव्हतं आणि ते करायला वेळ नव्हता. दुसरा नावाडी आणायचा, तर रेकॉर्डिंग सगळ्या भाषांत संपलेलं. किमान पडद्यावर मजकूर दाखवावा, तर टेक्स्ट लॉक झालेला, फाइली भाषांतरकारांकडे गेलेल्या. एक नवी ओळ घालायची म्हणजे ती सगळ्या भाषांत करून, पुन्हा तपासून घ्यायची, आणि सोनी-मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेशनची तारीख तर पुढ्यात येऊन ठेपलेली.

तिकडच्या एका क्वेस्ट डिझायनरने तोडगा काढला. गावातल्या एका मुलीचं मॉडेल होतं, हात पुढे करण्याचं अॅनिमेशन होतं. तिला धक्क्यावर उभी केली, हातात पाटी दिली आणि पाटीवर भाड्याचा आकडा. आकडा हे पाटीवरचं चित्र होतं, मजकूर नव्हे, त्यामुळे भाषांतराचा प्रश्नच आला नाही. ती बोलत नाही. पैसे घेते, पडदा काळा होतो, बेट येतं.

एक्सपान्शन बाजारात आलं आणि लोकांनी या मुलीवर पानंच्या पानं लिहिली. ती नावाड्याची मुलगी आहे, बाप मारला गेला तेव्हापासून तिची वाचा गेली, तिला खुन्यालाच पलीकडे न्यावं लागतं, काय बारीक विचार केलाय! लेखकाने ते कौतुक मुकाट्याने घेतलं. बरोबर केलं. लोकांनी लावलेला अर्थ आमच्या कारणापेक्षा कितीतरी सरस होता.

सेव्ह फाइलींचा दुसरा त्रास असा की त्यांतला नायक आधीच पहिलवान झालेला असतो. खिशात मोजता येणार नाहीत इतकी नाणी, हातात सगळ्यात धारदार तलवार. त्याला नव्या बेटावर घाम कसा फोडायचा? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने 2007 च्या 'बर्निंग क्रूसेड'मध्ये पातळीची मर्यादा 60 वरून 70 केली आणि लोकांनी महिनोन्महिने टोळीने लढून मिळवलेली हत्यारं नव्या प्रदेशातल्या पहिल्यावहिल्या किरकोळ बक्षिसांपुढे फिकी पडली. ती चिडचिड मला आजही जुन्या खेळाडूंकडून ऐकू येते. 'एर्डट्री'ने वेगळी युक्ती केली. त्या प्रदेशातच सापडणारे तुकडे गोळा करायचे आणि त्यांची ताकद फक्त तिथेच चालते. बाहेरचा पहिलवान तिथे पुन्हा शिकाऊ होतो. तरीही लोकांनी फार अवघड आहे म्हणून ओरड केली आणि आठवडाभरातच पहिल्या काही तुकड्यांचा परिणाम वाढवणारा पॅच आला. आमच्याकडे बेटावर फक्त नवं चलन ठेवलं, जुनी नाणी कवडीमोल. ही युक्ती मला तेव्हाही आळशी वाटली होती, आजही वाटते. पण ती चालली.

नोकरी लागण्याआधी एक्सपान्शनबद्दल माझी समजूत काय होती हे आठवलं की हसू येतं. आमच्या गावच्या सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स 2' चालायचा, तासाला पैसे मोजून. डिस्क अर्थातच चोरीची, आणि तिच्यात मूळ गेम आणि 'द कॉन्करर्स' हे 2000 सालचं एक्सपान्शन एकत्रच भरलेलं. ते वेगळं विकलं जातं हे आम्हा कोणाला माहीतही नव्हतं. हूण, अॅझ्टेक, कोरियन हे सगळे जन्मापासून तिथेच असावेत असं वाटायचं. पुढे कामाला लागल्यावर कळलं की शेत संपलं की गिरणीतून पुढचं शेत आपोआप पेरण्याची सोयही त्याच एक्सपान्शनने आणली होती. ती सोय नसलेला मूळ गेम एकदा मुद्दाम खेळून पाहा. पाच नवी राज्यं एका बाजूला आणि ते एक बटण एका बाजूला.

तो गेम बनवणारा टेक्सासचा स्टुडिओ 2009 मध्ये बंद झाला. त्यानंतर काही चाहत्यांनी मिळून स्वतःच नवी राज्यं बनवली, आणि तेच काम 2013 मध्ये 'द फरगॉटन' या नावाने अधिकृत एक्सपान्शन झालं. त्यात भारतीयांचं एकच राज्य होतं. 2022 च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी तीन नवी राज्यं आणली आणि जुन्याचं नाव हिंदुस्तानी केलं. 1999 च्या गेमला अजून नवी एक्सपान्शन येताहेत. कोणत्याही मीटिंगमध्ये कोणी हे आखलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी की एक्सपान्शनवर काम करण्यात जे सुख आहे ते मूळ गेमवर नाही. मूळ गेमच्या वेळी घोडा नीट पळत नसतो, पाऊस छपरातून आत येतो, अवजारं रोज बदलतात. एक्सपान्शनच्या वेळी घोडा पळतो. बांधणाऱ्याचा हात बसलेला असतो आणि सगळा वेळ खऱ्या कामावर जातो. 'ब्लड अँड वाइन'ला 2016 च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचा पुरस्कार मिळाला, तोही स्वतंत्र गेमना मागे टाकून, याचं मला आश्चर्य वाटत नाही. आमच्या बेटावरही एकेका झोपडीत जो तपशील आहे तो मूळ गेमच्या राजधानीत नाही.

या सुखाला एक मुदत असते. एक्सपान्शन हे एका गेमचं शेवटचं काम असतं आणि पुढचा गेम तेव्हा चार डोक्यांत आणि काही कागदांवर असतो. त्याला एवढी माणसं लागत नाहीत. 'फँटम लिबर्टी' यायला दोन महिने असताना, जुलै 2023 मध्ये, ते बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने सुमारे शंभर माणसं, म्हणजे नऊ टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं होतं. आमच्याकडे जाहीर वगैरे काही झालं नाही. कराराचा पुढचा टप्पा आला नाही, एवढंच. टेस्टिंगची बरीचशी टीम विखुरली. इचलकरंजीचा मुलगा आता एका बँकेचं अॅप तपासतो आणि तिथेही सगळ्यात आधी चुकीचंच बटण दाबतो म्हणे.

आम्ही जाताना सेव्ह फाइलींचा मोठा संग्रह मागे ठेवला. कोणत्या फाइलमध्ये नावाडी मेलाय, कोणत्या फाइलमध्ये राजा रुसलाय, सगळी नावं पद्धतशीर. पण कोणती फाइल कोणत्या दुखण्यावर काढायची हे ज्यांना पाठ होतं ती माणसं राहिली नाहीत. सहा महिन्यांनी पॅच आला आणि त्यात बेटावरून परत येणारी नाव अडकायला लागली. दोन-तीन वर्षं पुढची आखणी करणाऱ्या धंद्याने ही आखणी करू नये, याला मी अक्कलशून्यपणाच म्हणते. जुन्या सेव्ह ओळखणारी चार माणसं वर्षभर पगारावर ठेवणं हे एका ट्रेलरपेक्षा स्वस्त असतं.

ते आमच्या हातात नाही. तुमच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. एक्सपान्शन घ्यायच्या आधी जुनी सेव्ह पुसू नका, तिची एक प्रत बाजूला ठेवा. आणि गेम अडकला तर शिव्या जरूर घाला, पण तक्रारीसोबत ती सेव्ह फाइल जोडा. 'गेम चालत नाही' एवढ्यावरून कोणत्याही टेस्टरला काही सापडत नाही. फाइल मिळाली तर बहुधा त्याच दिवशी सापडतं.